अभिप्रायाची वही

निघायच्या सकाळी वूटर वही पुढे करतो,
दोरीला बांधलेलं पेन.
"दोन ओळी लिहा. खरं लिहा हं."

आधीचं पान वाचते.
कुणा पोर्तुगीज बाईने लिहिलंय : स्वर्ग.
तिच्याखाली दुसरं अक्षर : विंचू. बाथरूममध्ये. दोनदा.
दोघींची खोली एकच, सात नंबर.
माझीही तीच.

पहिल्या रात्री उंदराने साबण नेला, अख्खा.
दहाला जनरेटर बंद, आणि पंख्याची पाती
तीनदा फिरून, जरा विचार करून थांबली.
नळाचं पाणी मचूळ, म्हणून चहाही मचूळ,
केस धुतले तर सुंभ.
फोटोत मिरवणाऱ्या लाकडी पुलाच्या
तीन फळ्या मागच्या वादळात गेल्या त्या गेल्याच.
जेवायला मासा, भात, मासा, वांगं, मासा.
पाचव्या दिवशी हस्दियानाने
माझ्या भाताखाली एक उकडलेलं अंडं लपवलं
आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.
तिच्या घरची एकच कोंबडी घालते म्हणे सध्या.

आणि मग ते खालचं.
अठरा मीटरवर मला माझा श्वास ऐकू आला.
इतकी वर्षं आत राहतोय,
ओळख अशी कधी झालीच नव्हती.
रिफ्लानने हात आडवा धरला : थांब.
प्रवाळाच्या गड्ड्यांवरून एक कासव आलं,
पाठीवर शेवाळ, निवृत्तीला दोन महिने उरलेल्या
हेडक्लार्कच्या चालीने,
आणि आमच्या अर्जाकडे न बघता निघून गेलं.
मी हसले. मास्कमध्ये पाणी शिरलं.
तरी हसतच राहिले.

त्याच वळणापलीकडे पांढरा चुरा,
टेनिस कोर्टाएवढा.
एक मासा नाही, एक सावली नाही.
रिफ्लानने मुठी मिटल्या, उघडल्या.
वर होडीत म्हणाला,
"बाटलीतला बाँब. माझा काका टाकायचा.
एका बाटलीत चाळीस किलो.
त्या पैशांवर मी शाळा शिकलो, इंग्रजी शिकलो,
म्हणून आज तुम्हाला कासव दाखवतो."
बोलताना तो वेटसूट पिळत होता,
एक थेंब उरू न देता.

मागे कॉम्प्रेसरपाशी जाहारू बसतो, टाक्या भरतो.
तरुणपणी तोंडात नळी धरून
समुद्रकाकडीसाठी चाळीस मीटर उतरायचा.
एकदा घाईत वर आला
तो डावा पाय खालीच विसरून.
आता तो पाय त्याच्या मागून येतो, आपल्या सवडीने.
प्रत्येक टाकीची झडप उघडून
तो आधी स्वतः हवा हुंगतो, डोळे मिटून,
मगच आकडा खडूने लिहितो.
सहा दिवस मी त्या नाकाच्या भरवशावर जगले.
काल त्याला नोट दिली.
त्याने माझी घडी मोडली,
आपल्या पद्धतीची घडी घातली,
आणि कॉम्प्रेसर सुरू केला.
त्या आवाजात मी जे म्हणाले
ते मलाही ऐकू आलं नाही.

वूटर वाईट माणूस नाही.
संध्याकाळी एकटाच किनाऱ्यावर प्लास्टिक वेचतो,
सकाळी तितकंच परत आलेलं असतं.
पगार मात्र दोन महिने थकलाय,
हे मला कुणी सांगितलं नाही;
स्वयंपाकघराची भिंत बांबूची आहे.

बोटीने दुसरा भोंगा दिला.
स्वर्ग आणि विंचू यांच्याखाली जागा बरीच आहे.
पेन खाऱ्या हवेने अडतं,
तळव्यावर गिरवून मी ते चालू करते,
आणि लिहिते :
पुलाच्या तीन फळ्या बसवा.
रात्री जनरेटर बंद करून
जाहारू त्याच वाटेने घरी जातो.

तारीख घालते. नाव घालते.
अंड्याचं काही लिहीत नाही.