मधमाश्या वारल्या

मार्च सरताना मेर्किस नदीवरचा बर्फ तडकला,
त्या सकाळी आपोलोनियानं तिसऱ्या पेटीचं झाकण उचललं
आणि कुंपणापलीकडे हाक दिली,
"झेनोनास, वारल्या रे."

लिथुआनियात कुत्रं मरतं, गाय मरते, कोंबडी मरते.
माणूस मात्र वारतो,
आणि मधमाशी वारते.
आपल्याकडे एवढा मान राणीमाशीलाही नाही.

झेनोनास फावडं घेऊन आला,
दोन पायांत दोन वेगळे बूट.
छत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला,
वर आकाशात हवा आहे, वाफ आहे, बाकी काही नाही
असं फळ्यावर लिहून
खाली दोन रेघा ओढणारा माणूस.
तिच्या पेटीवर संताचं पत्र्याचं चित्र,
गंजून दाढीखाली काही उरलेलं नाही.
तरी दर वसंतात ती ते ओल्या फडक्यानं पुसते,
नसलेल्या पायांपर्यंत.

बारा वर्षांपूर्वी तिचं मोहोळ उडालं
आणि त्याच्या सफरचंदाला जाऊन लटकलं.
तो पोत्यात भरून परत द्यायला आला.
ती म्हणाली, मोहोळ परत घेत नाहीत,
विकतही नाहीत.
ज्याच्या झाडावर बसलं तो आपला बिचुलिस,
माशीच्या नात्याचा सोयरा.
म्हणाली खरी,
पण चेहरा असा, जणू पोलीस ठाण्यात सही करतेय.

कारण त्र्याहत्तर साली वरून हुकूम आला होता,
चर्चला जाणाऱ्या मुलांची नावं कळवा.
झेनोनासचं अक्षर सुरेख.
अकरा नावं. सातवं, रिमविदास,
तिचा मुलगा.
विद्यापीठाऐवजी तो दूर उत्तरेला खाणीत गेला.
खाणीतून पत्रं यायची,
मग पत्रं आली नाहीत.

जमीन वर मऊ, खाली अजून दगड.
खणता खणता तो म्हणाला,
"तुझं बरं आहे, आपोलोनिया.
तुझ्याकडे माफ करणारा कुणीतरी बसलाय.
माझ्याकडे ती यादी आहे आणि मी आहे.
मी गेलो की यादीही जाईल,
पण तोवर रोज वाचावी लागते."

ती ओंजळीनं माश्या भरत होती,
कोरड्या, हलक्या, कणसातून झटकलेल्या भुशासारख्या.
"त्यानं केलं असेल माफ.
तो त्याचा स्वभाव.
मी अजून नाही केलं."

फावडं थांबलं.
"मग दर हिवाळ्यात मधाची बरणी का पाठवतेस?"

"बिचुलिस आहेस.
मधाचा त्या यादीशी काय संबंध?"

(एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितलेली नाही.
रोज रात्री प्रार्थना म्हणताना
आमचे अपराधी आम्ही जसे माफ करतो
या ओळीपाशी ती येते
आणि खोकला आल्यासारखं करते.
बावन्न वर्षं झाली.
देवाला इतका जुना खोकला कळत नसेल
असं तिला वाटत नाही.)

खड्डा भरला. तिनं हात जोडले.
झेनोनासनं टोपी काढली.
"तू कशाला काढतोस? तुझ्या वर तर कुणी नाही."
"खाली आहेत ना," तो म्हणाला.

मग त्यानं चौथ्या पेटीला कान लावला.
बराच वेळ.
लाकूड गार, आत काळोख,
काळोखात काहीतरी बारीक, एकसुरी,
दूरच्या गावात कुणी दळत असावं तसं.
"आहेत."
"किती?"
"ते कसं सांगू. आहेत."

ती साखरेचा पाक करायला आत गेली.
ढवळताना सवयीनं पुटपुटू लागली,
आणि त्याच जागी आली.

कुंपणाशी उभ्या झेनोनासला
खिडकीतून खोकला ऐकू आला.
हवा ओली आहे अजून, तो स्वतःशी म्हणाला,
आणि तिच्यासाठी सरपण फोडायला गेला.