सतरावं कोकरू

पौषातली पहाट. मांजरेकाठी,
तूर काढलेल्या रिकाम्या रानात
आमची वाघूर ताणलेली,
दोरीला दव असं की बाही भिजते.

एकोणीस कोकरं.
मी एकेक मांडीवर घेते, शेपटी वर करते,
टोकाला खोबरेल लावून यंत्र आत सरकवते,
आणि ते वाजेपर्यंत
मी आणि कोकरू, दोघंही दुसरीकडे बघतो.

शिवकन्या मोबाइलच्या उजेडात लिहिते.
बांडी : एकशे दोन पॉइंट सहा.
जुळ्यातला थोरला : एकशे तीन, बेंबी वाळली.
"माणसाला हा ताप," ती दर वेळी म्हणते.
माणसाला ताप, कोकराला तब्येत.
अंगात एवढं ऊन घेऊन जन्मतात,
आणि थंडी रात्रभर ते उपसत राहते.

सासूबाईंना, धुरपताबाईंना, यंत्र मान्य नाही असं नाही.
त्या फक्त त्याच्या आधी पोचतात.
करंगळी तोंडात घालतात,
खालची पापणी अंगठ्यानं ओढतात,
डाळिंबाच्या दाण्यासारखी असली तर सोडतात,
भिजल्या कागदासारखी असली तर
"जंत", एवढंच.
त्यांच्या बोटाला सेल लागत नाही.
पण बोट काही लिहूनही ठेवत नाही.
मागल्या पौषात सात गेली.
कोणती, कधी, कशानं,
याची आमच्या घरात तीन वेगळी उत्तरं आहेत.
म्हणून वही.

सतरावं हाताला लागलं ते ओल्या फडक्यासारखं.
रात्रीच झालेलं. आई पहिलटकरीण,
अर्धं चाटून निघून गेलेली.
यंत्र वाजलं. आकडा नाही.
दोन इंग्रजी अक्षरं फक्त.
"लो," शिवकन्या म्हणाली,
"म्हणजे याच्या खाली मला मोजता येत नाही."
इतकं खरं बोलणारं कोणी
दवाखान्यातसुद्धा भेटलं नव्हतं मला.

धुरपताबाईंनी करंगळी घातली. थांबल्या.
"जीभ बर्फ हाय. पर जरा वढतंय."
मी वाटीतला चीक पुढे केला,
त्यांनी मनगट धरलं.
गार पोटात दूध म्हणजे चुलीत पाणी.

पोत्यानं पुसलं, घोंगडीत घेतलं,
पोलक्याखाली उघड्या पोटाला लावलं.
एवढंसं अंग, आणि एवढी थंडी.
दोन्हीकडून गरम पाण्याच्या बाटल्या,
एक सोड्याची, एक खोकल्याच्या औषधाची.
सटवाजी कळप घेऊन उताराला लागले.
वळून काही विचारलं नाही,
कुत्रं मात्र इथंच ठेवून गेले.

लो.
लो.
मग चौऱ्याण्णव पॉइंट दोन.
इतक्या वाईट आकड्याला
कोणी इतकं हसलं नसेल.
सत्त्याण्णव झाले तेव्हा अंग जरा सैल पडलं.
नव्व्याण्णवच्या पुढे मान धरली,
तेव्हा चीक, बोटानं, थेंब थेंब.
इथं माणूस बरा असतो.
त्याला अजून चार अंशांचा चढ.

दुपारी ते उठलं, मागचे पाय आधी,
वहीवर जाऊन उभं राहिलं
आणि मुतलं.
पंधरा, सोळा, सतरा, सगळ्या ओळी
निळ्या होऊन एकमेकींत गेल्या.
शिवकन्या रडकुंडीला आली.
धुरपताबाई पानावर वाकल्या,
रंग बघितला, वास घेतला.
"हे लिही," म्हणाल्या.