आयवरचा वळसा

नकाशा मेरियलने दिला. घडीवर फाटलेला,
मागून चिकटपट्टी लावून पुन्हा जोडलेला,
त्यावर पेन्सिलीने काढलेलं एक वर्तुळ.
वर्तुळ कसलं, बटाटाच तो.
लडलोपासून लडलोपर्यंत, अठ्ठावीस मैल.
"आयवर दर शनिवारी जायचा," ती म्हणाली,
"त्याची सायकलही आहे. सीट खाली करून घे."

मी सायकल शिकले मिरजेत, सपाटीवर,
दांड्याखालून पाय घालून.
तिथला सगळ्यात मोठा चढ रेल्वेच्या पुलाचा,
आणि गिअर म्हणजे ट्रकला असतात ते.
इथे बावन्नाव्या वर्षी कळतंय
की एका मैलात तीनदा देव आठवतो
आणि तीनदा विसरता येतो.

डिनहॅमच्या पुलापाशी टीम नदी बांधावरून सांडत असते.
तिच्याकडे फार बघायचं नाही, पुढे लगेच चढ आहे.
मी उतरते. सायकल हाताला धरून नेते,
म्हशीला पाण्यावर नेतात तशी.
तारेपलीकडच्या मेंढ्या चघळणं थांबवतात.
बघा, बायांनो. बघून घ्या.

लेंटवर्डिनला क्लन येऊन टीमला मिळते.
संगम म्हणावा असं तिथे काही नाही,
घाट नाही, घंटा नाही,
गुडघाभर पाण्यात एक माणूस
गळ टाकून उभा असतो, काहीच न पकडता.
मला पाहून टोपीला हात लावतो.
तेवढ्यावर मी पाच मैल जाते.

मग क्लनच्या काठाने, तिच्या प्रवाहाला उलटी.
दोन्हीकडे डोक्याच्या वर झुडपांची कुंपणं,
रस्ता पन्हळीसारखा अरुंद, मधोमध गवताची शेंडी.
क्लनगनफर्डला एका दारापाशी अंड्यांची टोपली,
शेजारी पैशांचा डबा, माणूस नाही.
सहा घेतली.
पुढचे चौदा मैल सायकल अशी चालवली
की कॅरियरवर कुणाचं तान्हं बाळ आहे.
ॲस्टनच्या झाडाला झेंडे बांधलेले.
नवस कुणाचा, हे विचारावंसं वाटलं नाही.

सगळं उजव्या हाताला ठेवत जायचं, प्रदक्षिणेसारखं.
पण मधे कोण?
नकाशात मधे एक टेकडी, थोडी शेतं,
आणि चहाच्या कपाचा गोल डाग.

ऑनीच्या खोऱ्यात उतरण्याआधी
पेन्सिलीची एक फुली आहे.
तिथे फाटक, आणि फाटकाला आतून पोखरलेला ओकचा खांब.
तीन शनिवार मी नुसती थांबले, दृश्य पाहिलं.
दृश्य बरं आहे. फुली मारण्याइतकं नाही.
चौथ्या शनिवारी हातमोजा पडला, वाकले,
तर पोकळीत एक पत्र्याचा डबा:
चिमूटभर तंबाखूचा भुसा, पातळ कागद,
काड्यांची पेटी.

"अठ्ठ्याऐंशी साली सोडली त्याने,"
मेरियल एकदा म्हणाली होती,
"एका दिवसात. माझ्या शब्दाखातर."

डबा होता तिथे, होता तसा ठेवला,
झाकणाची बाजूसुद्धा तीच.
उतारावर ब्रेक उशिरा दाबला. एक अंडं गेलं.
ब्रॉमफिल्ड कधी मागे पडलं, आठवत नाही.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात
उरलेली पाच अंडी ओट्यावर.
"फुलीपाशी थांबतेस का?"
"थांबते."
"काय आहे तिथे?"
"दृश्य."
"हं," ती म्हणाली, आणि तव्यावर लोणी टाकलं.
एक अंडं फोडलं. दुसरं फोडलं.
मग पाठमोरीच, अगदी मीठ कुठेय विचारावं तसं:
"काड्या कोरड्या आहेत का अजून?"

"एक ओढून पाहिली," मी म्हणाले.
"लगेच पेटली."