हिरव्या पट्टीचं उलथनं

तवा एकच आहे, सहा फुटांचा.
डावीकडे गाय, उजवीकडे वाटाणा,
मधली सीमा कुणी आखलेली नाही.
उलथनी मात्र दोन.
एकाच्या दांड्याला हिरवी चिकटपट्टी,
ते सोवळ्यातलं.
गर्दीच्या वेळी सोवळं कोण पाळतं
हे मला विचारू नका,
मला तासाला चौदा डॉलर मिळतात.

नेब्रास्कात, हायवेच्या कडेला आमचं दुकान.
मागे कत्तलखाना, त्याच्या मागे मका,
मग मका, मग आणखी मका.
वारा दक्षिणेचा असला की गावभर वास येतो
आणि म्हातारे छाती भरून घेतात :
पगाराचा वास, म्हणतात.

मार्चमध्ये कंपनीचं पोस्टर आलं.
वाटाण्याची टिक्की, बिटाचं रक्त,
दाताखाली अगदी तसंच, असं खाली छापलेलं.
तेव्हापासून काउंटरवर केचपपेक्षा मतं जास्त सांडतात
आणि पुसायची दोन्ही मीच.

एमिल कोलारिक, साडेतीनशे गुरांचा धनी,
टोपी न काढता म्हणाला,
"वाटाणा मी बैलाला घालतो.
मला कशाला बैल करता?"
कूपन होतं म्हणून घेतलं त्यानं.
बनला नाव ठेवलं, चीजला ठेवलं, मला ठेवलं,
ठेवला नाही तो फक्त शेवटचा घास.

एक ट्रकवाला खोक्यावरचं बारीक वाचत बसला.
"एकवीस जिन्नस. गाईत एकच असतो, गाय."
गाईच्या पोटात काय काय गेलं
ते कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत,
असं मी म्हणणार होते.
पण मागे रांग होती.

कॉलेजची मुलगी, नाकात चमकी,
एका घासात पांढरी पडली.
बिटाचा रस हनुवटीवर आलेला.
"हे फार खरं आहे," म्हणाली,
"मला खोटं हवं होतं."
पैसे परत मागितले नाहीत.

इफ्रा रात्रपाळीला मांसाच्या पाकिटांवर शिक्के मारते.
"ह्यात डुक्कर नाही ना? शपथ?"
मी शपथ घेतली.
मग ती माझ्या खांद्यावरून तव्याकडे पाहायला लागली
आणि मी जरा सरकून
तव्याच्या आड उभी राहिले.
त्या रात्री घरी जाऊन झोप लागली नाही.
दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी छोटी कढई.

आणि डुएन हॅव्हलिक.
सत्तावीस वर्षं कत्तलखान्यात, पहिल्या पट्ट्यावर,
डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.
दर गुरुवारी बारा वाजता रात्री एकटाच आत येतो,
नोटा मोजून ठेवतो, हळू बोलतो :
"वाटाण्याचं दे. कागद मात्र नेहमीचा, तांबडा.
पोरं गाडीत आहेत."
मी तांबड्यात गुंडाळते. विचारत नाही.
एकदाच, सुट्टे घेताना, आपणहून म्हणाला,
"गरम असतात ती. हाताला.
मग जेवताना पुन्हा गरम."
एवढंच. पाठीमागे दार आपटलं.
गाडीतली पोरं गुरासारखी हंबरत, हसत होती.

खायचे दात, दाखवायचे दात.
पण हत्तीला निदान
दोन्ही स्वतःच्याच तोंडात असतात.

माझं मत कुणी विचारलं नाही.
सहा तास तवा हुंगल्यावर जीभ काही मागत नाही,
मी घरी जाऊन थंड दूध पिते.

सप्टेंबरात कंपनीचं पत्र आलं :
खप नाही, बंद करा.
वाटाण्याला शेवटी
वाटाण्याच्याच अक्षता.
फ्रीजरच्या तळाला अठरा टिक्क्या उरल्या होत्या.
फेकायच्या होत्या. मी गुरुवार मोजले.
चार महिने आणि वर दोन.

त्या परवा संपल्या.
आज बारा वाजता मी तांबड्या कागदात
कांदा, टोमॅटो, चीज, दोन चकत्या जास्त, असं गुंडाळलं.
त्यानं पुडी हातात तोलली.
हलकी लागली असणार.
काही न बोलता सुट्टे माझ्याकडेच सरकवले.

उलथनं अजून खिळ्याला आहे.
पट्टी मी काढलेली नाही.
सकाळी त्यानंच अंडी उलटते.