झाकण

फियाट थाटीपूरच्या जरा अलीकडे बंद पडते.
दर वेळी तिथेच, घरून निघाल्यावर बारा मिनिटांनी.
आधी एक उचकी, मग दुसरी,
मग जेवता जेवता कुणी ताटावरून उठून जावं
तसं इंजिन गप्प.

मे महिना, ग्वाल्हेर, अकराच वाजलेत
आणि बॉनेटवर पापड भाजता येईल.
बाबूसिंग कुशवाहचा पहिला संशय उन्हावर.
म्हणाला, नळीतच पेट्रोलची वाफ होत असेल.
स्वतःचा गमछा भिजवून त्यानं पंपाला गुंडाळला,
जसं तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.
गमछा सुकून कडक झाला.
गाडी बंदच.

मग तो उलटा निघाला, इंजिनाकडून टाकीकडे.
सोलेक्सचा माथा उघडला : वाटी कोरडी.
फ्लोट कानाशी नेऊन हलवला, नारळ पारखावा तसा.
आत काही डुचमळलं नाही, म्हणजे फुटलेला नाही.
सुई सुटी, खालीवर होते.
जेट तोंडानं फुंकला, एक डोळा मिटून उजेडाकडे धरला.
त्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून
त्याला अख्खा किल्ला दिसला असणार.
थुंकला. ओठ बाहीला पुसले.
पंपाची नळी काढून बाटलीत सोडली.
"सेल्फ मारो दीदी."
मारला. पिचकारी आली,
मग धार, मग बारीक धार,
मग थेंब, तेही विचार करून पडणारे.

"टंकी में है ना?"
कालच दहा लिटर भरलंय. मी पावती दाखवली.
"फिर भी."
मागे जाऊन किल्ली लावली, झाकण फिरवलं
आणि गाडीनं श्वास आत ओढला.
सूंऽऽऽ
रस्त्यापलीकडच्या कलिंगडवाल्यानं मान वळवली.

बाबूसिंग झाकण उलटंपालटं करत राहिला.
चकचकीत, कुलपाचं, आत रबराची जाड चकती.
छेद कुठेच नाही.
"इसको साँस ही नहीं मिल रही. हवा अंदर जाएगी
तब ना तेल बाहर आएगा."

जुनं झाकण मला आठवतं, गंजकं, साधं.
मिल बंद पडली त्या वर्षी गल्लीतलंच कुणीतरी
रात्री नळी घालून पेट्रोल ओढायचं.
नानांनी हे कुलपाचं आणलं.
एक किल्ली खिशात, एक देवघरात.
चोरी थांबली.

आणि तिथे, त्या फुटपाथवर,
हातात गरम झाकण धरून उभी असताना
मला तो चहा आठवला.

दर रविवारी मोरारला मावशीकडे जाताना
नाना इथेच गाडी कडेला घ्यायचे.
"चला, चहा घेऊ."
आम्हाला कचोरी मिळायची, मागितली नाही तरी.
ते उभ्यानंच प्यायचे, गाडीकडे पाठ करून,
वीस मिनिटं, कधी पंचवीस.
मग म्हणायचे, "झालं?" आणि गाडी सुरू व्हायची.
आई सांगायची सगळ्यांना,
यांना त्या टपरीचाच चहा लागतो.
स्वतः मात्र अर्धा कप ओतून द्यायची, साखरेचा पाक म्हणून.
अकरा वर्षं.

गाडी बंद पडते, असं ते एकदाही बोलले नाहीत.
मिलकडून काय काय यायचं राहिलं
तेही नाही.
ती कागदं पेटीत तळाशी निघाली, नंतर,
रबर लावून ठेवलेली.

बाबूसिंगनं झाकण विटेवर ठेवून छेद पाडला,
कुलपाच्या आडोशाला, वरून दिसू नये असा.
पन्नास रुपये घेतले.
म्हणाला, आता पेट्रोलचा वास येईल थोडा.
येऊ दे.

परतीची वाट न धरता मी तशीच मोरारकडे निघाले.
फियाट आपली गुरगुरत चाललीय, ना उचकी, ना धाप.
टपरीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.
तिथे आल्यावर माझाच पाय
ब्रेकवर गेला.
मागचा टेम्पोवाला ओरडला,
"चलो ना, मैडम!"