रिकामे कॅन

नायक पळतो आहे मिल्यात्स्कावरच्या पुलावरून,
दोन्ही हातांत पाण्याचे पिवळे कॅन,
समोरच्या टेकडीवर कुणी नेम धरून बसलेला,
व्हायोलिनचा सूर ताणून ताणून तुटायला आलेला,
थिएटरभर श्वास अडकलेले
आणि सहाव्या रांगेत झुम्रामावशी फिस्सकन हसते.

नुसती हसून थांबत नाही.
"अगं बाई, रिकामे आहेत ते!
वीस लिटरचा कॅन असा हलतो होय?
आणि खांदा बघा त्याचा, नवरदेवासारखा ताठ!"

मी खुर्चीत खाली खाली सरकतो.
कॅन मीच दिले होते त्याच्या हातात.
या सिनेमाचं सामानसुमान माझ्याकडे,
वाळूची पोती, साखरेच्या फुटणाऱ्या काचा, सगळं.
नटाची पाठ धरली होती त्या दिवशी.
दिग्दर्शक म्हणाला, राहू दे रिकामे, कुणाला कळतंय.

कुणाला कळतंय, म्हणे.
सारायेवोत.

मागून कुणी खुसखुसतं.
पलीकडून म्हातारे हामो म्हणतात,
"बूट बघितलेत का? चकाचक!
माझे तर चुलीत गेले त्या जानेवारीत.
डावा बरा जळला. उजवा हट्टी,
शेवटपर्यंत नुसता धूर."

पडद्यावर नायिका पुस्तक जाळते आहे,
दर पानाला एक अश्रू.
"अगं, चुरगाळ आधी! अशानं पाणी कोमटही व्हायचं नाही.
मी ज्ञानकोश जाळला, पहिल्यापासून अकराव्या खंडापर्यंत.
बाराव्याला तह झाला.
चंद्र आठव्यात होता, त्याच्यावर मसूर शिजली,
तेव्हा चंद्राचं मला काही विचारू नका.
जिराफाचं विचारा. जिराफ उरलाय."

आता सगळंच थिएटर हसतं आहे
आणि पहिल्या रांगेत
दिग्दर्शकाची मान कॉलरमध्ये बुडत चालली आहे.
पोरगा युद्धानंतर जन्मलेला.

मग पाण्याची रांग येते.
शिट्टी.
पडदा पांढरा.

कुणी हसत नाही.
मावशीचा हात अंधारात माझं मनगट शोधतो.
"रेफिकचे दोन होते," ती पुटपुटते.
"एकाची चाळण झाली.
दुसरा शेजाऱ्यांनी चार मजले चढवून आणला, तसाच भरलेला.
टोपण इतकं घट्ट लावायचा मेला,
रोज त्यावरून भांडण आमचं.
भेटायला आलेल्यांना कॉफी तरी द्यावी म्हटलं, तर उघडेना.
तीन बाप्ये दमले. चौथ्यानं दात लावले.
आणि मला हसू फुटलं रे, त्या खोलीत, त्या दिवशी.
मग सगळ्यांनाच.
त्याच्यानंतर कुठे मला रडता आलं."

दिवे लागल्यावर दिग्दर्शक आला, डोळे लाल.
"का हसलात तुम्ही?"
मावशीनं त्याला नीट न्याहाळलं, वरपासून बुटांपर्यंत.
"जेवलास का?" म्हणाली. "चल घरी. चौथा मजला.
लिफ्ट कालपासून पुन्हा बंद आहे."

खालच्या नळावर तिनं जुना पिवळा कॅन भरला, काठोकाठ,
आणि दिला त्याच्या हातात.
पहिल्या मजल्यावर तो गप्प झाला.
दुसऱ्यावर हात बदलला.
तिसऱ्यावर खांदा असा कलला
की मावशी वरून ओरडली,
"हां! आता लाव तुझा कॅमेरा!"
तो हसायला लागला, आणि पाणी जिन्यावर,
त्याच्या नव्या बुटांत, खाली झाकाझोतच्या दारापर्यंत.

मी मागून चढत होतो.
टोपण माझ्या खिशात राहिलं होतं.