डाव्या विंगेतून

कुमुद गायधनी आमच्यात आली तेव्हा
तिला फक्त मोठ्यानं रडता यायचं.
प्रेसच्या कामगारांचं नाटक, जेल रोडचा हॉल,
दुसरी पाळी सुटल्यावर तालीम.
मी डाव्या विंगेत, मांडीवर वही,
टॉर्चच्या तोंडाला निळा जिलेटिन कागद.
दिवसा मी नोटांचे ताव तपासायचे,
कुठं शाई फुटलीय, कुठं आकडा सरकलाय,
खराब ताव बाजूला.
रात्री तेच, वाक्यांचं.

सत्त्याऐंशी साली तिला अभिनयाचं दुसरं बक्षीस.
प्रमाणपत्रावर नाव चुकलेलं: कुमुदिनी गायधने.
"कोण गं ही बाई," म्हणाली, "हिला शोधलं पाहिजे,"
आणि पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला.

घाटात बोगदा आला की डब्यातले दिवे
कधी लागायचे, कधी नाही.
अंधारात ती पाठ केलेलं म्हणून बघायची.
उजेड येईपर्यंत जेवढं टिकेल तेवढंच आपलं,
असं मला सांगायची, चिवड्याचा हात झटकत.

मग डोंबिवलीत खोली. मग पोस्टकार्डं.
मोलकरणीचं काम, तीन वाक्यं, तीनशे प्रयोग.
नाटकाच्या बसमध्ये मागच्या बाकावर, ट्रंकांशेजारी झोप.
लग्न झालं. मोडलं.
दोन्ही कार्डांवर अक्षर सारखंच.

मग मालिका.
बारा वर्षं ती एकाच सोफ्यावर सासू होती.
वाक्यं सकाळी हातात पडायची,
संध्याकाळी विसरून जायची.
"प्रॉम्प्टर लागतच नाही," फोनवर म्हणाली,
"चुकलं की परत घेतात.
चुकण्याला काही किंमतच राहिली नाही बघ."
आत जाताना स्वतःचे पैसे फाटकावर ठेवून
तीस वर्षं मी किंमत छापताना पाहिलेली.
मला ते कळलं.

एका मंगळवारी तिला जिन्यावरून ढकललं.
गुरुवारी फोटोला हार.
भाजी घेताना बायका मला विचारायच्या,
"तुमच्या गायधनीबाई गेल्या हो?"
मेथीची जुडी हातात धरून मी सांगायचे,
पैशांवरून वाजलं म्हणून.
हार प्लॅस्टिकचा होता. फोटो तिनं मागून घेतला,
चांगला आलाय म्हणाली.

गेल्या मार्गशीर्षात सायखेडकरला तिचा प्रयोग लागला.
पास ठेवते म्हणत होती. मी नको म्हटलं,
तिकीट काढून पाचव्या रांगेत बसले.
दुसऱ्या अंकात ती खिडकीशी गेली
आणि वाक्य गेलं.

लोकांना वाटलं, काय थांबलीय!
खिडकीचा पडदा मुठीत, नजर बाहेर.
मला दिसली तिची मान,
जराशीच, सवयीनं, डावीकडे वळलेली.
विंगेत एक पोरगा मोबाइलच्या उजेडात बसला होता.
माझे ओठ हलले असते,
पण या नाटकाची वही मी पाहिलीच नव्हती.

तेव्हा ती म्हणाली,
"दिवा लावू नकोस.
कोण आलंय ते मला पावलांवरून कळू दे."

हे या नाटकातलं नाही.
हे सत्त्याऐंशीचं, तिसरा प्रवेश, पान बेचाळीस.
स्पर्धेत ती इथंच अडकली होती,
आणि मी दिलं होतं,
इतकं हळू, की माझं मलाही ऐकू आलं नव्हतं.

समोरचा नट क्षणभर गडबडला, मग सावरला.
टाळ्या पडल्या.
खराब ताव. मी बाजूला काढला नाही.

मेकअप रूमबाहेर फोटोसाठी रांग लागलेली.
मी शालिमारला येऊन शेअर रिक्षात बसले.
द्वारकेच्या सिग्नलला कितीतरी वेळ.
घरी आले, स्टुलावर चढून माळ्यावरची वही काढली,
चष्मा शोधला.

पान बेचाळीस नव्हे, त्रेचाळीस.